अमेरिकेतील स्कूल बोर्ड

अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले मंडळ. दहावी-बारावीची परीक्षा घेणाऱ्या आपल्याकडच्या बोर्डाशी त्याचा संबंध नाही. त्याचे जवळचे भाईबंद शोधायचे तर जुन्या मुंबई इलाख्यात जावे लागते. १९२३ च्या कायद्याने तिथल्या प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांच्याकडे सोपवल्या होत्या आणि त्यांचा कारभार स्कूल बोर्डे पाहत असत. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातली ही व्यवस्था त्यांच्या शिक्षण समितीत विरघळली. अमेरिकेत ती टिकली. शाळांपुरती वेगळी हद्द, वेगळे उमेदवार आणि बऱ्याच राज्यांत वेगळा करही आहे.

या हद्दीला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. शहराच्या सीमेशी ती जुळेलच असे नाही. एकट्या सॅन होजे शहरात डझनाहून अधिक डिस्ट्रिक्टच्या हद्दी येतात, तर अख्खे हवाई राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. देशभरात आज सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत. १९३० च्या दशकाच्या आरंभी ही संख्या सव्वा लाखाच्या वर होती. एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या शाळा बंद पडत गेल्या आणि शेजारची डिस्ट्रिक्ट एकमेकांत विलीन झाली. बोर्डावर साधारणपणे पाच, सात किंवा नऊ सदस्य असतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात त्यांना सर्रास ट्रस्टी म्हणतात. बहुतेकांना मानधन नाही, असले तर नाममात्र. लॉस एंजेलिस हा मोठा अपवाद. तिथले सदस्य सातच, पण पूर्णवेळ काम करणाऱ्याला २०१७ पासून वर्षाला सव्वा लाख डॉलर मिळू लागले.

याचे मूळ मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. ५० घरांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा माणूस नेमावा आणि १०० घरांच्या गावाने ग्रामर स्कूल, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा, काढावी, असा कायदा तिथे १६४७ साली झाला. गावाच्या सर्वसाधारण कारभारापासून शाळेचा कारभार वेगळा काढून तो स्कूल कमिटीकडे देण्याचे बंधन १८२६ मध्ये आले. अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नसल्याने हा विषय राज्यांकडे राहिला आणि राज्यांनी तो खाली गावांकडे सरकवला. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकेत स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार १९२० मध्ये मिळाला, पण शाळेच्या निवडणुकीत कॅन्ससने तो १८६१ मध्येच दिला होता आणि मॅसॅच्युसेट्सने १८७९ मध्ये. मुलांच्या शाळेत बायकांनी लक्ष घातले तर राजकारण बिघडत नाही, असा त्यामागचा पुरुषी हिशेब असावा.

बोर्डाचे काम धोरण ठरवायचे. शाळा चालवतो सुपरिंटेंडंट. त्याला नेमायचे, त्याच्या कामाचे मूल्यमापन करायचे आणि वेळ आली तर घरी बसवायचे, हा बोर्डाचा सर्वांत मोठा अधिकार. त्याखालोखाल अंदाजपत्रक, शिक्षक संघटनेशी होणारा वेतनकरार, शाळांच्या प्रवेशहद्दी, वार्षिक कॅलेंडर आणि पाठ्यपुस्तकांची निवड. एखाद्या सदस्याने शाळेत जाऊन मुख्याध्यापकाला हुकूम सोडणे नियमात बसत नाही. सदस्याला अधिकार असतो तो बैठकीत, मतापुरता. हे सगळ्याच सदस्यांना पटलेले असते असे मात्र नाही.

सभा महिन्यातून एक-दोनदा, संध्याकाळी, लोकांसमोर भरते. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे नियमित सभेचा अजेंडा किमान ७२ तास आधी जाहीर करावा लागतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, काही मोजके अपवाद सोडले तर, निर्णय घेता येत नाही. आधी बंद दाराआड बैठक होते. त्यात कर्मचाऱ्यांची प्रकरणे, कोर्टकज्जे आणि संघटनेशी चाललेली बोलणी. मग दार उघडते, झेंड्याला वंदन होते आणि पब्लिक कॉमेंटला सुरुवात होते. नाव पुकारले की माइकपाशी जायचे आणि ठरलेल्या वेळात, बहुधा दोन-तीन मिनिटांत, म्हणणे मांडायचे. समोरचे घड्याळ हिरव्यावरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून लालवर जाते. विषय अजेंड्यावर नसेल तर सदस्य सहसा उत्तर देत नाहीत, नुसते ऐकून घेतात. पहिल्यांदा आलेल्या पालकाला हा उद्धटपणा वाटतो. प्रत्यक्षात थोडक्यात उत्तर देण्यापलीकडे चर्चा करायला त्यांना कायद्यानेच मनाई असते. नंतर कन्सेंट कॅलेंडर येते, म्हणजे बसचे कंत्राट, नेमणुका, राजीनामे आणि बिले अशा पाच-पन्नास बाबींचा गठ्ठा. एखाद्या सदस्याने त्यातली बाब वेगळी काढा म्हटले नाही तर सगळा गठ्ठा एका मतात मंजूर होतो. वर्तमानपत्रात गाजते ते पब्लिक कॉमेंट, पण डिस्ट्रिक्टचा पैसा कुठे जातो हे कळायचे असेल तर कन्सेंट कॅलेंडरच वाचावे.

शाळांच्या पैशात राज्य आणि स्थानिक कर यांचा वाटा ढोबळमानाने निम्मा-निम्मा. संघराज्याचे सरकार एरवी दहा टक्क्यांच्या आसपासच भर घालते. स्थानिक वाटा मुख्यतः घरपट्टीतून येतो. त्यामुळे महागड्या घरांच्या डिस्ट्रिक्टला कमी दराने जे जमते, ते गरीब डिस्ट्रिक्टला जबर कर लावूनही जमत नाही. टेक्सासमधल्या एजवुड या गरीब डिस्ट्रिक्टच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती नाकारली आणि लढाई एकेका राज्याच्या न्यायालयात सरकली. न्यूयॉर्क राज्यात मोठी शहरे वगळता शाळेचे अंदाजपत्रकच मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मतदारांपुढे जाते. ते दोनदा पडले तर डिस्ट्रिक्टला करवाढ सोडून काटकसरीच्या अंदाजपत्रकावर वर्ष काढावे लागते. कॅलिफोर्नियात इमारतींसाठी रोखे काढायचे तर ५५ टक्के मते लागतात; २००० पूर्वी दोन-तृतीयांश लागत.

कुठल्या रस्त्यावरची मुले कोणत्या शाळेत जातील, हे ठरवणारा ठराव घराच्या किमतीला हात घालतो. म्हणून प्रवेशहद्द बदलायची म्हटली की सभागृह भरते. पटसंख्या घटली म्हणून शाळा बंद करायची म्हटली तर ते ओसंडते. नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे फ्रीमाँट, प्लेनो किंवा एडिसन इथे घर पाहताना स्वयंपाकघराआधी शाळा विचारतात. मत द्यायला मात्र बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागते, त्यामुळे व्हिसावर राहून वर्षानुवर्षे घरपट्टी भरणाऱ्या पालकांच्या हाती पब्लिक कॉमेंटची ती मिनिटेच उरतात. माइकपाशी नागरिकत्व कोणी विचारत नाही.

स्कूल बोर्डांची नावे इतिहासात राहिली ती बहुतेक खटल्यांतून. टोपीका, कॅन्ससच्या बोर्डाविरुद्धच्या खटल्यात १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले वंशभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवले. निकाल लागला, तरी व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १९५९ मध्ये शाळांचा पैसाच बंद केला. तो निर्णय स्कूल बोर्डाचा नव्हता. तिजोरीची किल्ली असलेल्या काउंटीच्या सुपरवायझर मंडळाचा होता. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांसाठी सरकारी शाळा पाच वर्षे बंद राहिल्या. १९६४ मध्ये न्यायालयाने त्या उघडायला लावल्या.

डोव्हरचे प्रकरण त्यामानाने लहान, पण बोर्ड किती पुढे जाऊ शकते आणि कुठे अडते हे त्यात स्वच्छ दिसते. पेनसिल्व्हेनियातल्या या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने ऑक्टोबर २००४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतिवादातल्या त्रुटींची आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली, ही कल्पना) या पर्यायाची मुलांना जाणीव करून द्यावी, असे त्यात होते. विज्ञान शिक्षकांनी तसे निवेदन वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासनाचे लोक वर्गात येऊन ते वाचू लागले. ११ पालक कोर्टात गेले. नोव्हेंबर २००५ मध्ये निकालाआधीच निवडणूक आली आणि रिंगणातल्या आठही सदस्यांना मतदारांनी पाडले. डिसेंबरमध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ते धोरण धर्म आणि शासन यांना वेगळे ठेवणाऱ्या घटनेतल्या तरतुदीचा भंग करणारे ठरवले. पालकांच्या वकिलांचा दहा लाख डॉलरचा खर्च डिस्ट्रिक्टवर पडला. तो मंजूर करण्याची पाळी आली ती नव्या बोर्डावर.

बोर्डाच्या निवडणुकीला मतदान फार कमी होते, विशेषतः ती इतर निवडणुकांपासून वेगळी घेतली तर. म्हणून शिक्षक संघटनेचा किंवा एखाद्या संघटित गटाचा पाठिंबा इथे वाजवीपेक्षा जास्त भाव खातो. कोविडच्या काळात मास्क आणि बंद शाळा यांवरून सभांत आरडाओरडा झाला, काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोत शाळा बंद असतानाच बोर्डाने ४४ शाळांची नावे बदलायचा ठराव केला. पालक भडकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन सदस्यांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावले. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टमधल्या दोन ट्रस्टींनी फेसबुक-ट्विटरवर पिच्छा पुरवणाऱ्या पालकांना ब्लॉक केले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२४ मध्ये त्याच्या जोडीच्या खटल्यात न्यायालयाने कसोटी सांगितली. पदाधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार असेल आणि तो वापरतो आहे अशा रीतीने त्याने मजकूर टाकला असेल, तरच ते ब्लॉक करणे सरकारी कृती मानली जाईल.

बोर्डाची सगळी सत्ता राज्याने दिलेली आहे आणि राज्य ती परतही घेते. न्यूयॉर्क शहराच्या शाळा २००२ पासून महापौरांच्या ताब्यात आहेत. शिकागोत १९९५ पासून तसेच होते. तिथे बोर्डासाठी पहिले मतदान नोव्हेंबर २०२४ मध्ये झाले. त्याआधी जून २०२३ मध्ये टेक्सासने ह्यूस्टनचे लोकनियुक्त बोर्ड बाजूला सारून आपले मंडळ आणि आपला सुपरिंटेंडंट बसवला होता. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली तीही राज्याच्या कायद्याने. गव्हर्नर कॅथी होकुल यांनी त्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सही केली आणि पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ रोजी पडली. इतर बहुतेक ठिकाणी ही सुट्टी एकेका बोर्डाच्या कॅलेंडर ठरावातून मिळवावी लागते. वर्षाचे शिकवायचे दिवस राज्याने ठरवून दिलेले असल्यामुळे नोव्हेंबरात वाढवलेला सुट्टीचा दिवस बहुधा जूनमध्ये भरून द्यावा लागतो.