बाहुलीतली तिरीप

इंदूरच्या रामबागेत, एका मंडळाच्या हॉलमध्ये नेत्रतपासणी शिबिर होतं. माझ्यापुढच्या काकांनी खिशातून आयुष्मान कार्ड काढून विचारलं, "यावर चष्मा मिळतो ना?"

मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत या सरकारी योजनेचा लाभ आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा. पण योजना रुग्णालयातल्या उपचारांची आहे. नंबर काढणं आणि चष्मा तिच्याबाहेर. मला हे मनापासून खटकतं, कारण नंबर काढणं म्हणजे काय चीज असते ते त्याच हॉलमध्ये तासभर पाहत होतो.

पाच वर्षांची एक मुलगी तक्त्यासमोर तोंडच उघडेना. आजी पाठीवर हात फिरवत म्हणाली, "सांग ना गं ताईंना." नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी तक्ता सोडून दिला, दिवे मालवले आणि रेटिनोस्कोप हातात घेतला. टॉर्चएवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र. त्यातून उजेडाची एक उभी तिरीप डोळ्यात पडते, दृष्टिपटलावरून परतते आणि बाहुली आतून तांबूस उजळते. ताई तिरीप डावीउजवीकडे हलवतात. परतणारे किरण ताईंपर्यंत पोचण्याआधीच एकत्र येऊन एकमेकांना ओलांडून गेले, तर बाहुलीतली चमक उलट्या दिशेला सरकते: मायनस नंबर. ओलांडलेच नाहीत, तर चमक तिरिपीबरोबरच सरकते. मग डोळ्यापुढे एकेक भिंग धरत जायचं. एका भिंगाला सरकणं थांबतं आणि सगळी बाहुली एकदम पेटते. ताई ६७ सेंटिमीटरवर बसलेल्या असतात, म्हणून आलेल्या आकड्यातून त्या अंतराचे १.५ वजा करायचे. डाव्या डोळ्याला +५.५ वर बाहुली पेटली, म्हणजे नंबर +४. उजवा जवळपास ठीक. मुलीनं एक अक्षर वाचलं नव्हतं.

एका चांगल्या डोळ्यावर तिचं सगळं नीट चाललं होतं, म्हणून घरी कुणाला शंका आली नाही. अशा वेळी मेंदू धूसर डोळ्याकडून येणारं चित्र घेईनासा होतो आणि डोळा 'आळशी' बनतो. सात-आठ वर्षांपर्यंत उपचारांनी तो बऱ्यापैकी सुधारतो. पुढे अवघड होत जातं.

"एवढ्याशा पोरीला चष्मा? नंबर वाढतच जाईल," आजी म्हणाली. चष्म्यानं नंबर वाढत नाही. वाढत्या वयात बुबुळामागचा गोल लांब होतो म्हणून नंबर बदलतो. १ मिलिमीटर लांबीला जवळपास अडीच-तीनचा फरक पडतो. मध, गुलाबपाणी किंवा 'चष्मा उतरवा' छाप व्यायामांनी तो गोल आखूड होत नाही, आणि घरातला मध डोळ्यात घातला तर संसर्गाची भीती वेगळीच.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि शाळकरी मुलांना त्यातून मोफत चष्मेही मिळतात. पण शाळेतली पहिली चाळणी तक्त्याची. बोटांच्या फटीतून बघणारी पोरं तिच्यातून सुटतात, आणि प्लस नंबरची मुलं डोळ्यावर ताण देऊन शेवटची ओळही वाचतात. रेटिनोस्कोपला असं फसवणं कठीण, फक्त तो चालवणारा माणूस लागतो. खरा खर्च त्या माणसाच्या पगाराचा आहे, आणि तो सरकारनं करावा असं माझं ठाम मत आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून डोळे तपासण्याचे पैसे सरकार भरतं. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा साधा चष्मा दिला, तर पानखुडणी जवळपास २२ टक्क्यांनी जास्त झाली. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

ताईंनी चिठ्ठी लिहिली: थेंब घालून पुन्हा तपासणी. थेंबांनी डोळ्यातल्या भिंगाचा ताण सुटतो, तेव्हाच पक्का नंबर कळतो. "हे कुठे होईल?" आजीनं विचारलं. सरकारी दवाखान्यात, सकाळच्या ओपीडीत. आजीनं चिठ्ठीची घडी पर्समध्ये ठेवली आणि सुनेला सोमवारी सुट्टी मिळेल का, ते विचारायला तिथूनच फोन लावला.