लखनौ-४९च्या मागची बाग

‘सरदार’ पेरू बहुतेकांनी खाल्लेला असतो. रोपवाटिकेत गेलात तर त्याचे जुने नाव ऐकू येईल: लखनौ-४९, किंवा नुसते ‘एल-४९’. मोठे, गोलसर फळ, पिकताना पोपटी-पिवळे होणारे, आत पांढरा गर आणि तुलनेने मऊ बी. नावात लखनौ असले तरी हा वाण निवडला गेला पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत, १९२७ साली. त्या बागेची कुळकथा मात्र पेरूच्या शंभर वर्षे आधी, पवनेच्या काठी दापोडीला सुरू होते.

पेशव्यांच्या पदरी इंग्रजी शिस्तीची एक पलटण होती आणि तिचा सेनानी कॅप्टन फोर्ड दापोडीला राहत असे. नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीची लढाई जुंपली तेव्हा ही पलटण ऐन वेळी इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशवाई बुडाली आणि फोर्डचा बंगला तेवढा राहिला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास पावसाळी मुक्कामासाठी तो सरकारी केला आणि त्याच्या आवारात वनस्पतिउद्यान सुरू करवले.

हौस हे या उद्यानामागचे कारण नव्हते. कंपनी सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे परदेशातून आणलेली, पैसा देणारी झाडे दख्खनच्या मातीत रुजतात का, हे पाहायचे होते. दुसरी गोष्ट औषधांची. विलायतेहून येणारी औषधे महाग पडत आणि जहाजाच्या प्रवासात त्यांचा गुण उतरे. तीच झाडे इथल्या वाफ्यात लावून, अर्क काढून लष्कराच्या औषधभांडाराला पुरवता आली तर खर्च वाचणार होता. म्हणून या बागेचे अधीक्षक डॉक्टर असत. त्या काळी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे, कारण दवाखान्यातली निम्मीअधिक औषधे झाडापाल्याचीच होती.

१८३८ साली दापोडीला आलेला अलेक्झांडर गिब्सन असाच एक स्कॉटिश डॉक्टर. त्याआधी तो देवीच्या लसीकरणाच्या कामावर दख्खन आणि खानदेशात गावोगाव हिंडला होता. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या भटकंतीत आहे. बंगल्यात बसून कुंड्या मोजणाऱ्या माणसाला सह्याद्रीतली झाडे आणि त्यांच्यावर जगणारी माणसे अशी दिसली नसती. त्याने जुन्नरजवळ हिवऱ्यालाही औषधी झाडांची बाग चालवली. दापोडीपेक्षा तिथली हवा आणि पाणी काही झाडांना जास्त मानवत असे.

फिरता फिरता गिब्सनला आणखी एक गोष्ट दिसू लागली. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान लागत होते आणि कोकणातले डोंगर भराभर उघडे पडत होते. जंगल गेलेल्या गावांत झरे आटतात, डोंगरावरची माती खाडीत येऊन बसते, असे तो सरकारला अहवालांतून कळवत राहिला. १८४७ साली मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले आणि त्यावर त्याची नेमणूक झाली. हिंदुस्थानातल्या वनखात्याच्या अगदी पहिल्या नेमणुकांपैकी ही एक. एका बागेच्या अधीक्षकाच्या हाती अख्ख्या इलाख्याची जंगले आली.

या कर्तृत्वाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जंगल राखायचे तर दोष कोणाचा, असा प्रश्न आला, तेव्हा सरकारी बोट डोंगरउतारावर झाडोरा जाळून नाचणी-वरी पिकवणाऱ्यांकडे वळले. कोकणातल्या दळी आणि कारवारकडच्या कुमरी शेतीवर बंधने येऊ लागली. जहाजांसाठी तोडलेल्या सागवानाच्या मानाने या लोकांचा वाटा केवढा होता, हे ठरवण्यात त्या लोकांचा आवाज कुठेच नव्हता. त्या निर्णयांचा भार डोंगरातल्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिला आहे.

गिब्सनचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र कागदावरचे आहे. १८४७ ते १८५० या काळात त्याने बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची चित्रे काढून घेतली. त्यांपैकी सुमारे १७० चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत. तिथले अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी त्यांचा माग काढून २००२ साली ती प्रकाशित केली, तेव्हा दापोडीच्या बागेची विसरलेली हकिकत पुन्हा उजेडात आली. वनस्पतीचे शास्त्रीय चित्र आणि फुलांचे शोभेचे चित्र यांत फरक असतो. शास्त्रीय चित्रात पान देठाला कसे जुळते, परागकोश किती आणि कुठे, बीजांडे कशी बसली आहेत, हे मापात दाखवावे लागते. वाळवलेल्या नमुन्यात रंग उडतो, फूल चपटे होते. चित्रात ते राहते. हे कसब ज्याच्या हातात होते त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही. ‘पोर्तुगीज’ चित्रकार, एवढाच उल्लेख. त्या काळी गोव्यातल्या आणि मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती माणसालाही इंग्रज ‘पोर्तुगीज’ म्हणत. म्हणजे हा चित्रकार बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा. साहेबाचे नाव झाडांच्या लॅटिन नावांत जाऊन बसले आणि ज्याने ती झाडे डोळ्यांनी वाचली तो निनावी राहिला, याचे मला फार वाईट वाटते. वाफे खणणाऱ्या, पाटाचे पाणी फिरवणाऱ्या माळ्यांचीही तीच गत.

१८६१ साली गिब्सन आणि निकोल डॅल्झेल यांनी मिळून मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ छापला. डॅल्झेल पुढे गिब्सनच्या जागी वनसंरक्षक झाला. जुन्नरच्या परिसरातल्या कड्यावर त्याला एक मांसल खोडाची, जांभळट-तांबड्या चांदणीसारख्या फुलाची वनस्पती सापडली आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून त्याने तिचे नाव ‘फ्रेरिया इंडिका’ ठेवले. आपली शिंदळ माकुडी ती हीच. महाराष्ट्रातले मोजके कडे सोडले तर ती जगात कुठेही आपसूक उगवत नाही.

याच फ्रिअरच्या कारकिर्दीत दापोडीचा शेवट झाला. त्याला गव्हर्नरसाठी नवा प्रासाद हवा होता आणि जागा ठरली गणेशखिंड. १८६५ साली दापोडीची मालमत्ता विकली गेली, बाग मोडली. गणेशखिंडीचा प्रासाद म्हणजे आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. तिच्या शेजारच्या जमिनीवर १८७३ साली नवे वनस्पतिउद्यान उभे राहिले. त्याचा अधीक्षक मार्शल वुड्रो याने इथल्या हवेत बाग कशी करावी, यावर पुस्तक लिहिले आणि ते पुढे बरीच वर्षे वापरात राहिले. काळ पुढे गेला तशी औषधे मागे पडली आणि फळझाडे पुढे आली.

पेरूची गोष्ट इथे येते. पेरूचे बी लावले तर प्रत्येक रोप थोडे वेगळे निघते. फळ लहानमोठे, बी कमीजास्त, चव निराळी. शेतकऱ्याला हा जुगार परवडत नाही, पण निवड करणाऱ्याला हेच वेगळेपण हवे असते. फळतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांच्या देखरेखीखाली गणेशखिंडीत रोपांना क्रमांक दिले जात, आणि झाड किती पसरते, केव्हा फळते, किती देते, गर कसा आहे, याच्या नोंदी ठेवल्या जात. एकदोन हंगामांवर असा निकाल लागत नाही. त्यातून ४९ क्रमांकाचे झाड उजवे ठरले. त्यानंतर बी बंद. दाब कलमाने किंवा गुटीने, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे आणवून, त्याच झाडाची लेकरे वाढवायची, म्हणजे गुण जसेच्या तसे उतरतात. ‘चीमा साहेबी’ हे द्राक्षही याच बागेतल्या निवडीतून आले.

आज ही बाग महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे, आणि २०२० साली राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. भोवती पुण्याची वाहतूक वाढतच चालली आहे, आणि आत अजूनही कलमे बांधली जातात.