सीव्ही तुमचा, कव्हरिंग लेटर समोरच्याच्या कामाचं

दर आठवड्याला माझ्याकडे असे अर्ज येतात, ज्यांना दोन फाइली जोडलेल्या असतात. एकीचं नाव सीव्ही, दुसरीचं कव्हरिंग लेटर. दुसरी उघडली की पहिलीच पुन्हा भेटते, फक्त पूर्ण वाक्यांत. “मी बी.कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण आहे. मला चार वर्षांचा अनुभव आहे. मला टॅली येतं.” हे सगळं मी मिनिटापूर्वीच वाचलेलं असतं. तुर्भ्यात आमचं कस्टम्स क्लिअरन्सचं, म्हणजे ग्राहकांचा माल कस्टम्समधून सोडवून देण्याचं, छोटं ऑफिस आहे, डॉक्युमेंटेशनची माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे, आणि चांगल्या मुलामुलींचे अर्ज या एका गोंधळापायी मागे पडताना पाहून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

सीव्ही तुम्हाला येतो असं धरून चालते. सध्याची नोकरी वर, जुनी खाली. दोन पानांच्या आत. “अकाउंट्सचं काम पाहिलं” यापेक्षा “महिन्याला सुमारे ३०० खरेदी बिलांची नोंद” हे कितीतरी बोलकं. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक यांतलं काहीही नको. उंची, रास आणि मामाकुळ जिथे विचारतात तो बायोडेटा निराळा, त्याचा साचा इथे आणू नका. दोन रकाने, रंगीत पट्ट्या आणि कौशल्यांपुढे पाच-पाच ठिपके असलेले नमुनेही मला आवडत नाहीत. जॉब पोर्टलचं सॉफ्टवेअर ते वाचताना ओळींची सरमिसळ करू शकतं, आणि “एक्सेल: चार ठिपके” म्हणजे नेमकं काय येतं ते मलाही कळत नाही. सीव्ही आणि रेझ्युमे यांतला फरक विचाराल तर आपल्याकडच्या खासगी नोकऱ्यांत दोन्ही शब्द एकाच कागदासाठी वापरतात. संशोधनपत्रांच्या यादीसह लांबलचक सीव्ही लागतो तो प्राध्यापकीला.

खरी अडचण कव्हरिंग लेटरची. आणि तिचं मूळ मला शाळेतल्या अर्जलेखनात दिसतं. नोकरीसाठीचा अर्ज आपण कसा शिकलो ते आठवा. वर पत्ता आणि तारीख, मग “प्रति”, “विषय”, “संदर्भ: अमुक दिवशीच्या वृत्तपत्रातील आपली जाहिरात”. त्याखाली नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव, आणि शेवटी “तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती”. त्या अर्जाला वेगळा सीव्ही जोडलेला नसायचा. पत्रही तेच आणि माहितीही त्यातच, त्यामुळे तो बरोबरच होता. आता माहितीचा कागद वेगळा झालाय, पण हात अजून जुनंच पत्र लिहितो.

माहिती निघून गेल्यावर पत्रात उरतं ते हे: समोरच्याला कुठलं काम करून हवंय, आणि तुम्ही आजवर केलेल्यातलं नेमकं काय त्याला लागू पडतं. सीव्हीत विषय तुम्ही असता, पत्रात विषय ते काम असतं. सीव्ही थोडाफार फेरफार करून दहा ठिकाणी चालतो. पत्र एकाच ठिकाणचं असतं.

एक अर्ज सांगते. मुलगी डोंबिवलीची, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चार वर्षं अकाउंट्सला. आमची जाहिरात इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनची. तिचं पत्र म्हणजे वर सांगितलं तसंच, बी.कॉम., टॅली, चार वर्षं. ते वाचून तिला आमच्याकडे का यायचंय याचा काही पत्ता लागेना. सीव्हीत मात्र एका कोपऱ्यात “जीएसटी, आयात बिलांसह” एवढे शब्द होते, म्हणून मी फोन केला. तेव्हा कळलं की तो कारखाना बाहेरून बेअरिंग मागवतो. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला द्यायच्या कागदावर, भरलेला आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) दर महिन्याला जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे भरलेल्या कराचं किती क्रेडिट (वजावट) मिळेल ते दाखवणाऱ्या पत्रकात, दिसतो का, हे जुळवून पाहायचं काम हिचं. दिसला नाही की क्लिअरिंग एजंटला, म्हणजे माल सोडवून देणाऱ्या आमच्यासारख्या ऑफिसला, फोन करून कारण शोधायचं, तेही हिचंच. म्हणजे आमच्यासारख्यांनी केलेल्या चुका ती चार वर्षं ग्राहकाच्या बाजूने निस्तरत होती! यापेक्षा मोलाचं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं आणि पत्रात त्याबद्दल अक्षरही नव्हतं.

तिचं पत्र असं असायला हवं होतं: “तुम्हाला इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनसाठी माणूस हवा आहे. मी आयात करणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स पाहते. बिल ऑफ एंट्रीत जीएसटी क्रमांक चुकला की ग्राहकाचं क्रेडिट कसं अडकतं, हे मी जवळून पाहिलं आहे. एजंटकडून मंजुरीसाठी येणारी चेकलिस्ट मी तपासते. आता ती तयार करायचं काम मला शिकायचं आहे. एचएस कोड ठरवण्याचा अनुभव मला नाही.”

पाच-सहा वाक्यं. (चेकलिस्ट म्हणजे बिल ऑफ एंट्रीचा कच्चा मसुदा.) शिक्षणाचा उल्लेख नाही, टॅलीचा नाही, कारण ते सीव्हीत आहे. शेवटचं वाक्य पाहून काहीजण म्हणतील, उणीव कशाला सांगायची? मी म्हणेन, सांगाच. एचएस कोड म्हणजे माल कुठल्या प्रकारात मोडतो ते सांगणारा क्रमांक. त्याच्या आठ आकड्यांवर मालाची ड्युटी ठरते, तिथे ठोकून देणारा माणूस मला नको असतो. काय येत नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला शिकवता येतं.

आपलं पत्र जमलंय का हे बघायला मी मुलांना एकच गोष्ट करायला सांगते. पत्र आणि सीव्ही शेजारी ठेवा, आणि पत्रातलं जे वाक्य सीव्हीत उचलून ठेवता येईल ते खोडा. काहीच उरलं नाही, तर पत्र अजून लिहायचंय. याच्या उलटी चूक म्हणजे सीव्हीच्या डोक्यावरचं “ऑब्जेक्टिव्ह”. तुम्हाला पुढे काय करायचंय ही पत्रातली गोष्ट आहे, ती चुकून इकडे येऊन बसलेली असते. तिथून काढा.

सीव्हीतून जे प्रश्न उभे राहतात, त्यांची उत्तरंही पत्रातच देता येतात. आमच्या भागात पहिला प्रश्न प्रवासाचा. पत्ता बदलापूरचा आणि काम न्हावा शेव्याच्या बंदरावर असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात येतंच की हा तीन महिन्यांत कंटाळून सोडेल. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत गेली आणि वाटेत न्हावा शेवा स्टेशन झालं, तरी बदलापूरहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने नेरूळ, मग पुढची गाडी, हे रोजचं सोपं नाही. “मी गेली दोन वर्षं बदलापूरहून महापेला येते” किंवा “काम मिळाल्यास उलव्यात भाड्याने राहणार आहे” एवढं एक वाक्य ती शंका मिटवतं. मध्ये दोन वर्षांचा खंड असेल, मुलाच्या जन्मामुळे किंवा घरच्या आजारपणामुळे, तर तेही एका वाक्यात सरळ लिहा. वाचणाऱ्याला कारण मिळालं की तो पुढे जातो. माफी मागू नका. नोटीस पिरियड पत्रात चालतो. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहा.

“युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन” हा शब्दप्रयोग मला अजिबात चालत नाही. कंपनीचं नाव लिहायचे कष्ट वाचवणारा तो शब्द आहे. “हार्डवर्किंग अँड डायनॅमिक” हेही तसंच, त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. पत्र वेगळ्या फाइलीत न घालता थेट मेलच्या मजकुरात लिहा, म्हणजे मेल उघडताच ते डोळ्यांसमोर येतं. भाषा जाहिरातीची ठेवा. आमच्याकडे ती बहुतेक वेळा इंग्रजी असते, पण मसुदा आधी मराठीत करा असा माझा आग्रह आहे. मराठीत आपण “मी ते बिल जुळवते” असं सरळ लिहितो. इंग्रजीत बसलो की तयार वाक्यं आपोआप बोटांखाली येतात.

सरकारी भरतीला यातलं काही लागू नाही. महापालिका, सिडको, एमपीएससी यांचे अर्ज ठरलेल्या नमुन्यात असतात. तिथे जन्मतारीख, प्रवर्ग, जिथे जे विचारलंय ते तसंच भरायचं आणि मागितल्याशिवाय पत्र जोडायचं नाही. “वरील माहिती खरी आहे” हे घोषणापत्र त्या नमुन्यातलं. खासगी नोकरीच्या सीव्हीखाली ते लिहून सही करायची गरज नसते.