बीटल्सचे चित्रपट : काळवंडलेल्या कॅसेटपासून मूळ निगेटिव्हपर्यंत

बीटल्स या इंग्लिश बँडवरचा माहितीपट ‘लेट इट बी’ ८ मे २०२४ रोजी डिस्नी प्लसवर आला. घरबसल्या तो रीतसर पाहायला मिळण्याची सोय चाळीसेक वर्षांनी झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची व्हिडिओ कॅसेट आणि लेझरडिस्क निघाली होती, पण ती संपल्यावर पुन्हा काढलीच नाही. मग चाहत्यांत फिरत राहिल्या त्या कॅसेटवरून कॅसेट उतरवलेल्या प्रती. दर खेपेला अंधार आणखी दाटायचा, चेहरे मातकट व्हायचे.

या चित्रपटाचं नशीब आधीच वाईट होतं. जानेवारी १९६९मध्ये दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी तो १६ मिमी फिल्मवर चित्रित केला आणि थिएटरसाठी तो ३५ मिमीवर मोठा करण्यात आला. तो पडद्यावर आला मे १९७०मध्ये, म्हणजे बीटल्स फुटल्याची बातमी जगभर झाल्यावर महिन्याभराने. प्रीमियरला चौघांपैकी एकही फिरकला नाही. लोकांनी तो काडीमोडाचा चित्रपट म्हणूनच पाहिला, आणि पुढे त्या काळवंडलेल्या प्रतींनी हा समज घट्ट केला. प्रत खराब असली की कलाकृतीबद्दलचं मतही खराब होतं, असं मला ठामपणे वाटतं.

बाकीचे चित्रपट एवढे दुर्दैवी नव्हते. ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ रंगीत असूनही २६ डिसेंबर १९६७ला बीबीसीने तो कृष्णधवल दाखवला आणि समीक्षक तुटून पडले. २०१२च्या ब्लू-रेवर त्याचे रंग धड दिसले. ‘अ हार्ड डेज नाइट’चं मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म, पूर्ण उरलं नव्हतं. २०१४मध्ये क्रायटेरियन या कंपनीने ४के (अतिसुस्पष्ट डिजिटल) आवृत्ती काढली ती उरलेल्या निगेटिव्हला त्या काळच्या मास्टर पॉझिटिव्हची, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीची, जोड देऊन.

‘यलो सबमरीन’ची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. १९६८च्या या अ‍ॅनिमेशनपटातलं ‘हे बुलडॉग’ गाणं अमेरिकेतल्या प्रतींतून कापलेलं होतं. १९९९च्या आवृत्तीत ते परत आलं. २०१२मध्ये चित्रपट ४केमध्ये नव्याने साफ केला, तोही एकेक फ्रेम घेऊन, हाताने. धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारं सॉफ्टवेअर मुद्दाम बाजूला ठेवलं. हाताने काढलेल्या चित्रात एखादा बारीक ठिपका चित्रकाराचाच असतो. यंत्र त्याला धूळ समजून पुसून टाकू शकतं. काय पुसायचं आणि काय राखायचं हे माणसाच्या डोळ्यानेच ठरवावं लागतं. मला या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

‘लेट इट बी’ला वाट मिळाली ती दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या ‘गेट बॅक’मुळे. जानेवारी १९६९मधलंच सुमारे ६० तासांचं चित्रीकरण आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण वापरून ही मालिका नोव्हेंबर २०२१मध्ये आली. खरी अडचण आवाजाची होती. टेपा मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकच्या, त्यामुळे वाद्यं आणि बोलणं एकमेकांत मिसळलेलं. त्यातून खासगी काही बोलायचं असलं की हे लोक मुद्दाम गिटार छेडत बसायचे, म्हणजे मायक्रोफोनला शब्द सापडू नयेत. जॅक्सन यांच्या चमूने न्यूझीलंडमध्ये तयार केलेल्या ‘मॅल’ या संगणकीय पद्धतीने गिटार वेगळी काढली आणि तिच्याखाली दबलेली कुजबुज ऐकू आली. ‘गेट बॅक’चं चित्र मात्र मला जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. फिल्मचा तो जिवंत दाणा, म्हणजे चित्रातले बारीक कण, पुसला गेला की चेहरे मेणाचे दिसतात.

‘लेट इट बी’चं कामही न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या पार्क रोड पोस्ट या स्टुडिओमध्येच झालं, १६ मिमीच्या मूळ निगेटिव्हवरून, आवाजासाठी ‘मॅल’च वापरलं. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या इमारतीच्या गच्चीवरचा बीटल्सचा तो ३० जानेवारी १९६९चा थंडीतला कार्यक्रम आता अंधारातून बाहेर आला आहे. चित्रीकरणाच्या वेळी लिंडसे-हॉग २८ वर्षांचे होते. चित्रपट परत आला त्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी ८४ वर्षं पूर्ण केली होती.