घरगुती द्रवांतील बीजांकुरण

घरात सहज मिळणाऱ्या निरनिराळ्या द्रवांत एकाच जातीचे बी ठेवून ते कुठे रुजते, कुठे अडते आणि कुठे मरते हे पाहण्याचा प्रयोग. साधे पाणी, मीठपाणी, साखरपाणी, दूध, ताक, लिंबाचा रस, कोरा चहा, साबणाचे पाणी असे द्रव त्यासाठी घेतात. शाळकरी मुलांच्या विज्ञान प्रकल्पांत हा प्रयोग पुन्हापुन्हा दिसतो. कोल्हापुरात त्यासाठी दुकानात जाण्याचीही गरज नसते, कारण मिसळीसाठी लागणारी मटकी बहुतेक घरांत डब्यात असतेच आणि तिला मोड आणण्याची रीत घरातल्या कुणालाही विचारावी: रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी पूर्ण निथळायचे, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि उबेला ठेवायची. मटकी पाण्यात बुडालेलीच राहिली तर वास मारते, निथळून बांधली तर मोड धरते. प्रयोगाचे अर्धे शास्त्र या रीतीत आलेले आहे.

प्रयोगामागे बहुधा एक समजूत असते: दूध किंवा साखरपाणी पौष्टिक, तेव्हा त्यात बी जोमाने रुजेल. ती चुकीची आहे. मटकीच्या दोन डाळिंब्यांत, म्हणजे सालीखालच्या दोन अर्ध्यांत, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने भरलेली असतात. पहिली पाने उघडेपर्यंतची शिदोरी बी सोबत घेऊनच येते. त्याला बाहेरून हवे असते ते पाणी, हवा आणि ऊब. म्हणून द्रव कोणताही असो, पहिला प्रश्न एकच: हा द्रव बियाला पाणी किती सोडतो?

वाटीत काय दिसते

साध्या पाण्यातली मटकी जवळून पाहावी. पहिल्या काही तासांत तिच्या सालीला सुरकुत्या पडतात, कारण साल आधी पाणी पिऊन ताणते आणि आतला गर अजून तेवढा फुगलेला नसतो. मग गर फुगतो, साल पुन्हा तुळतुळीत होते आणि दाणा जवळजवळ दुप्पट दिसतो. इथपर्यंतचे फुगणे हे केवळ पाणी शोषणे आहे. मेलेले बीसुद्धा असेच फुगते. खरे रुजणे त्यानंतरचे. आतली विकरे जागी होतात, श्वसन वाढते आणि देठखुणेजवळ, म्हणजे बी शेंगेला जोडलेले होते तिथे, साल फोडून आदिमुळाचे (पहिल्या मुळाचे) पांढरे टोक बाहेर येते. हे टोक साधारण २ मिलिमीटर दिसले की दाणा रुजला असे मोजावे. फुगलेले दाणे ‘रुजले’ म्हणून मोजणे ही या प्रयोगातली सर्वांत सामान्य चूक होय.

काही दाणे दोन दिवसांनंतरही खड्यासारखे राहतात. स्वयंपाकघरात त्यांना गणंग म्हणतात. त्यांची साल पाणी आत घेत नाही. बी मात्र बहुधा जिवंत असते. पॉलिशपेपरवर हलके घासले तर अनेक गणंग दाणे रुजतात. प्रयोगात ते वेगळे मोजावेत, नाहीतर त्यांचा दोष उगाच द्रवावर येतो. कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळून ठेवलेले कडधान्य प्रयोगासाठी घेऊ नये.

पाण्याची ओढ

मीठ किंवा साखर विरघळली की द्रव पाणी धरून ठेवू लागतो. बियाच्या ओढीपेक्षा द्रवाची ओढ वाढली की पाणी आत जाणे मंदावते आणि शेवटी थांबते. वजनाच्या मानाने मीठ इथे साखरेपेक्षा फार कडक ठरते. ओढ विरघळलेल्या सूक्ष्म कणांच्या संख्येवर ठरते. मिठाचे असे कण साखरेच्या कणांपेक्षा लहान असतात, म्हणून तेवढ्याच वजनात जास्त भरतात, आणि पाण्यात प्रत्येकाचे दोन भाग होतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ जेवढी ओढ निर्माण करते, तेवढीसाठी १०० ग्रॅमांहून अधिक साखर लागते. म्हणून ‘एक चमचा मीठ’ आणि ‘एक चमचा साखर’ अशी तुलना दिसायला सारखी, पण मुळात विषम असते. शिवाय मिठातला सोडियम आत शिरून पेशींना त्रास देतो, तो भाग वेगळाच.

दुधाचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. ताज्या दुधाची ओढ रक्ताइतकी, म्हणजे लिटरला सुमारे ९ ग्रॅम मिठाच्या पाण्याएवढी असते. त्यामुळे दूध नासण्याआधीच बियाला पाणी मिळवणे जड जाते. नंतर ते आंबते, जिवाणू वाढतात, दाण्यांभोवती साका बसतो आणि हवा तुटते. ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यातली मुले वाटीत उसाचा रस घेतात, काकवीही घेतात. रसात साखर शेकडा १५ च्या पुढेमागे असते. बी त्यात अडते आणि काही तासांत रस फसफसू लागतो. काकवीत तर दाणा जवळजवळ कोरडाच राहतो. तेलात पाणीच नसते, त्यामुळे तिथे फुगणेही नाही.

आम्ल आणि अल्कली यांची गोष्ट वेगळी. लिंबाचा रस आणि बाजारातले ४–५ टक्क्यांचे व्हिनेगर नुसते वापरले तर बी मारतात. व्हिनेगर पाणी घालून पातळ केले तरी मूळ खुंटते, कारण त्यातले ॲसेटिक आम्ल पेशींच्या आवरणातून सहज आत जाते. साबण ते आवरणच बिघडवतो. गोमूत्र शेतात बीजप्रक्रियेला वापरतात ते भरपूर पाण्यात मिसळून. नुसते घेतले तर त्यातले क्षार आणि युरियापासून होणारा अमोनिया कोवळे मूळ जाळतात.

अडलेले की मेलेले

चौथ्या दिवशी मीठपाण्यात शून्य आणि व्हिनेगरमध्ये शून्य अशी नोंद होते, आणि बहुतेक तक्ते तिथेच थांबतात. हे खटकते, कारण ही दोन शून्ये एक नव्हेत. न रुजलेले दाणे चाळणीत धुऊन पुन्हा साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यात ठेवावेत. मीठपाण्यातले बरेचसे दाणे दोन-तीन दिवसांत मोड धरतात: ते अडले होते. व्हिनेगरमधले मऊ पडून कुजतात: ते मेले होते. प्रयोगाचा खरा निष्कर्ष या दुसऱ्या फेरीत असतो.

चार्ल्स डार्विनने नेमके हेच केले होते. समुद्रातून बी वाहत जाऊन दूरच्या बेटावर रुजेल का, हे तपासण्यासाठी त्याने घरी ८७ प्रकारचे बी खाऱ्या पाण्यात ठेवले. २८ दिवसांनंतर बाहेर काढल्यावर त्यांतले ६४ प्रकार रुजले आणि थोडे तर १३७ दिवसांनंतरही जिवंत निघाले. ही माहिती त्याच्या १८५९ सालच्या ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात बी रुजत नाही, पण टिकते.

कोल्हापूरकरांना हा भेद समजायला समुद्र लागत नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते त्या शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या जादा पाण्याने आणि निचरा नसल्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. उन्हाळ्यात त्यांवर पांढरी मीठफुटी दिसते. तिथे पेरलेले बी ओल्या मातीत असूनही तहानलेले राहते. त्यावर उपायही दुसऱ्या फेरीसारखाच आहे: जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून निचरा करायचा आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. लिटरला २, ४, ८, १६ ग्रॅम मीठ अशा चार वाट्या मांडल्या तर या शेतांत काय घडते ते मुलांना हाताने मोजता येते. सगळ्या द्रवांच्या गर्दीपेक्षा एवढा एकच प्रयोग जास्त शिकवून जातो.

मांडणी

प्रत्येक द्रवाला किमान २५ दाणे घ्यावेत. दहाच घेतले तर एका गणंग दाण्याने निकाल १० टक्क्यांनी हलतो. दाणे बुडवू नयेत; दुमडलेल्या सुती फडक्याला द्रव पाजून त्यावर ठेवावेत आणि वर झाकण घालावे. झाकण नसेल तर पाणी उडून मीठपाणी आणखी खारट होत जाते. साध्या पाण्याची वाटी हवीच, आणि सर्व वाट्या एकाच दिवशी, एकाच फळीवर. कोल्हापुरात जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास येतो तेव्हा मटकी एप्रिलपेक्षा बरीच उशिरा मोड धरते, म्हणून वेगवेगळ्या महिन्यांतल्या वाट्यांची तुलना करू नये. बुडवण्याचाच परिणाम पाहायचा असेल तर मटकीशेजारी सालासकट भात ठेवावे. मटकी कुजते, भात मात्र पाण्याखालीही पांढरा कोंब वर काढते, मूळ मागे ठेवून.

शेतकरी याच प्रयोगाचे साधे रूप दर जूनआधी करतात. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. ७० किंवा अधिक रुजले तर नेहमीचे प्रमाण, कमी रुजले तर बियाणे वाढवून पेरणी. आजरा, चंदगड, गगनबावडा या भातपट्ट्यात तर मीठपाणी बियाण्याच्या निवडीसाठीच वापरता येते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओततात, तरंगलेले पोचट दाणे काढून टाकतात आणि तळाचे भरीव दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवतात. हे धुणे राहून गेले तर निवडून घेतलेले चांगले बीही रोपवाटिकेत अडते.