वरून मऊ, खालून दगड

कडक थंडीत पहाटे दगडासारखं गोठलेलं घोडेस्वारीचं वाळूचं रिंगण पाहून कुणी घोडा पळवायला काढत नाही. दगा देतं ते दहा-अकराच्या उन्हातलं रिंगण. तोवर वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू सैल झालेली असते, खालचा थर मात्र तसाच टणक. वितळलेलं पाणी मुरायला वाट नसते, ते त्या थरावरच साचतं. खूर मऊ वाळूत रुततो आणि आतल्या बर्फावरून निसटतो.

म्हणून वाळूत नुसती बुटाची टाच मारून पाहणं पुरत नाही. लांब स्क्रूड्रायव्हर वाळूत खुपसून पाहा. पाच-सहा सेंटिमीटरच्या आत अडला, तर त्या दिवशी घोड्याला फक्त चाल, म्हणजे साधं चालणं, तेही सरळ रेषेत. भिंतीच्या आणि झाडांच्या सावलीतले कोपरे वेगळे तपासा. मध्यभाग सुटला तरी ते गोठलेलेच राहतात.

खरं तर वाळू गोठत नाही, कणांमधलं पाणी गोठतं आणि कण एकमेकांना जखडतं. त्यामुळे निचरा चांगला असेल तर निम्मं काम झालं. दाताळं फिरवायचं ते आदल्या संध्याकाळी, वाळू सुटी असताना. सकाळी फिरवलंत तर नुसती ढेकळं निघतात, आणि ढेकळावर पाय पडला की तळव्याला मुका मार लागतो.

मिठाचंही तेच. गोठण्याआधी वाळूत मिसळलं तर उपयोग. बर्फावर भुरभुरवलं तर वरचाच थर वितळतो, म्हणजे तो निसरडा प्रकार आपणच तयार करतो. साधं मीठ उणे नऊ अंशांच्या आसपास कुचकामी ठरू लागतं. कॅल्शियम क्लोराइड त्याहून कडक थंडीत चालतं, पण ते खूर कोरडे पाडतं आणि लोखंड गंजवतं. काम संपल्यावर पाय धुऊन पुसायलाच हवेत.

जमीन सुटी असली तरी सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं चालच ठेवा, अंगावरचे केस कापलेले असतील तर पाठीवर झूल टाकून. दुडकीवर आल्यावरही वळणं मोठी घ्या, वीस मीटर व्यासाच्या वर्तुळाहून लहान नकोत. लगामाची कडी तोंडात देण्याआधी हातात धरून ऊब द्या, गार लोखंड जिभेला झोंबतं.

ताजा बर्फ असेल तर नाल मारलेल्या खुरांवर लक्ष ठेवा. खुराच्या उबेनं बर्फ वितळतो, नालेला चिकटून पुन्हा गोठतो आणि तळव्याखाली गोळा धरतो. घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा डगमगू लागला, की उतरा आणि गोळा काढा. तळव्याला आधी व्हॅसलिन चोपडलं असेल तर तो लवकर सुटतो.