कॅथलिक शालेय शिक्षणक्रम

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या (चर्च या धर्मसंस्थेच्या) अधिकाराखाली किंवा मान्यतेने चालणाऱ्या शाळांतील विषयांची व त्यांच्या परस्परसंबंधांची रचना. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, कला हे विषय सामान्यतः त्या त्या देशाच्या शासकीय अभ्यासक्रमानुसारच शिकवले जातात. धर्मशिक्षणाची तासिका त्यांत अधिकची असते. मात्र या शिक्षणक्रमाचे वेगळेपण केवळ त्या तासिकेत शोधणे अपुरे ठरते. इतर विषयांतून मिळणारे ज्ञान आणि श्रद्धा यांचा संबंध कसा असावा, हा येथील मूळ प्रश्न असून त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

मध्ययुगीन मठांच्या व कॅथीड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) शाळांत व्याकरण, तर्क व वक्तृत्व ही त्रयी आणि अंकगणित, भूमिती, खगोल व संगीत हे चतुष्टय शिकवले जाई. धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवणारा एक शिक्षक प्रत्येक कॅथीड्रलने नेमावा, असा ठराव ख्रिस्तसभेच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने ११७९ मध्ये केला.

इयत्तावार शिक्षणक्रमाला या परंपरेत स्थिर रूप दिले ते येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाने. संघाचे मेसिना येथील विद्यालय १५४८ मध्ये सुरू झाले. १५८६ व १५९१ च्या मसुद्यांनंतर, क्लाउदिओ आक्वाविवा संघप्रमुख असताना, १५९९ मध्ये ‘रातिओ स्तुदिओरुम’ हा शिक्षणविषयक नियमसंग्रह अंतिम स्वरूपात जाहीर झाला. त्यात व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्य आणि शेवटी वक्तृत्व असा क्रम असून खालचा वर्ग पक्का झाल्याशिवाय वर चढवू नये, असा दंडक होता. तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या त्यापुढे येत. गणिताला त्यात मानाचे स्थान मिळावे, यासाठी क्रिस्टोफर क्लाव्हियस या येशूसंघी गणितज्ञाने आग्रह धरला होता.

ही वर्गव्यवस्था मूळ कोणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मतानुसार ती योहान स्टुर्मच्या १५३८ मधील स्ट्रासबर्ग येथील प्रॉटेस्टंट विद्यालयावरून घेतली गेली. दुसरे मत तिचे मूळ नेदरलँड्समधील ‘सामायिक जीवनाचे बंधू’ या समुदायाच्या शाळांत पाहते. तिसरे मत पॅरिस विद्यापीठातील महाविद्यालयांकडे निर्देश करते. येशूसंघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस सुमारे १५२८ ते १५३५ या काळात पॅरिसमध्ये शिकत होते आणि संघाच्या सुरुवातीच्या कागदपत्रांत ‘पॅरिसची पद्धत’ असा स्पष्ट उल्लेख येतो. त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्टुर्म स्वतः बंधूंच्या शाळेत शिकला होता व पुढे पॅरिसमध्ये त्याने अध्यापन केले. इग्नेशियस जेथे प्रथम दाखल झाले, ते मोंतेग्यू महाविद्यालयही बंधूंच्या परंपरेतील सुधारणांमधून गेलेले होते. म्हणजे तिन्ही मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत.

गरिबांच्या मुलांसाठीचा शिक्षणक्रम वेगळ्या वाटेने घडला. जोसेफ कालासान्झ यांनी १५९७ मध्ये रोममध्ये विनामूल्य शाळा उघडली. १६८० च्या सुमारास जाँ-बातीस्त द ला साल यांनी फ्रान्समध्ये शिक्षक-बंधूंचा संघ उभारला. त्यांच्या शाळांत वाचनाची सुरुवात लॅटिनऐवजी फ्रेंचमधून होई आणि लेखन व हिशेब यांवर भर असे.

धर्मशिक्षणात बायबल, संस्कार, प्रार्थना, ख्रिस्तसभेचा इतिहास व नीतिविचार येतात. पेत्रुस कानिसियुसच्या १५५५ मधील प्रश्नोत्तरीसारखी पुस्तके पाठ करणे ही दीर्घकाळ मुख्य पद्धत होती; विसाव्या शतकात बायबलचे वाचन व अनुभवाधारित चर्चा यांना अधिक वाव मिळाला. प्रथम कम्युनियनचे (पवित्र भाकरीचा प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीचे) वय सुमारे ७ वर्षांवर आणणाऱ्या १९१० च्या आदेशामुळे त्याची तयारी प्राथमिक वर्गांत आली.

सर्व शिक्षण, शिक्षक व प्रत्येक विषयाची पाठ्यपुस्तके ख्रिस्ती भावनेने नियंत्रित असावीत, अशी भूमिका पोप पायस अकरावे यांनी १९२९ मध्ये मांडली. १९७७ च्या व्हॅटिकन दस्तऐवजात मात्र प्रत्येक विषय त्याच्या स्वतःच्या पद्धतीने शिकवावा, त्याला श्रद्धेचे केवळ उपांग किंवा धर्मसमर्थनाचे साधन मानू नये, असे म्हटले आहे. विद्यार्थ्याच्या बुद्धीला न्याय देणारी भूमिका म्हणून ही दुसरी मांडणी अधिक भक्कम आहे. तिची कसोटी विज्ञानात लागते. मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयीचे संशोधन व चर्चा पोपच्या १९५० च्या परिपत्रकाने निषिद्ध ठरवली नाही. आत्मा मात्र थेट ईश्वरनिर्मित मानला. त्यानुसार उत्क्रांती जीवशास्त्रात आणि उत्पत्तिग्रंथातील निर्मितिकथेचा अर्थ धर्मशिक्षणात शिकवता येतो. आनुवंशिकतेचे नियम मांडणारे ग्रेगोर मेंडेल मठवासी होते आणि विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र धर्मगुरू होते, हे दाखले येथे साहजिक ठरतात. पण गॅलिलिओवरील १६३३ चा खटलाही तितक्याच स्पष्टपणे शिकवला गेला पाहिजे.

समाजशास्त्रात १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या पोपच्या परिपत्रकापासूनची सामाजिक शिकवण येते: न्याय्य वेतन, कामगार संघटना, खासगी मालमत्तेचा हक्क व तिची सामाजिक जबाबदारी. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकानंतर पर्यावरणाचा विषय त्याला जोडला गेला. साहित्य व संगीत यांत ग्रेगोरियन गायनासारखा (उपासनेतील पारंपरिक लॅटिन गायन) वारसा शिकवला जातो.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यानुसार (कलम ८०६) या शाळांचे अध्यापन परिसरातील इतर शाळांइतके तरी दर्जेदार असले पाहिजे. अन्यधर्मीय विद्यार्थ्यांच्या विवेकस्वातंत्र्याचा आदर करावा, असे १९८८ चा व्हॅटिकन दस्तऐवज सांगतो. श्रद्धेचे संस्कार करणारी धर्मदीक्षा आणि ज्ञान देणारे धर्मशिक्षण यांत तो फरक करतो. शाळेच्या तासिकेचे उद्दिष्ट मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे मानले आहे.